मा. केंद्रीय कामगारमंत्री यांस खुले पत्र : आजारपण म्हणजे खाडा नव्हे

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) चौदा वर्षं काम करणारा कामगार आहे. जानेवारीत टाइम ऑफिसात गेलो, तर माझ्या नावापुढे पीएलच्या (भरपगारी रजेच्या) रकान्यात शून्य होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘वर्षात हजेरीचे 198 दिवस भरलेत, रजा मिळायला 240 लागतात.’

42 दिवस कमी पडले, कारण 2025 च्या फेब्रुवारीत मला टीबी निघाला. आधी शिल्लक 11 पीएल टाकायला लावल्या. रजेचा पगार घेतला की त्या दिवसांचा ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) भत्ता मिळत नाही, हे मला नंतर कळलं. मग ईएसआय सुरू झाली. पहिले दोन दिवस कोरडे, पुढचे 91 दिवस पगाराच्या 70 टक्के, त्यानंतर 80. जूनमध्ये फिट सर्टिफिकेट घेऊन भट्टीवर उभा राहिलो तेव्हा जिना चढताना धाप लागत होती. तरी डिसेंबरपर्यंत एक दिवस चुकवला नाही. चांगल्या वर्षात 15 पीएल होतात. यंदा एकही नाही.

साहेब, आजारपणात मालकाला आम्हाला काढता येत नाही, असं ईएसआय कायद्याचं कलम 73 सांगत होतं. म्हणजे नोकरी सांभाळली, पण त्या नोकरीतली कमाई आमच्या डोळ्यांदेखत गेली. कारखाना कायद्याच्या कलम 79 मध्ये 240 दिवस मोजताना बाळंतपणाची रजा धरत, ते योग्यच आहे. लेऑफचे दिवसही धरत. मालकाकडे काम नव्हतं म्हणून मी घरी बसलो तर तो दिवस भरला, आणि माझ्या फुप्फुसात पाणी झालं म्हणून मी खाटेवर पडलो तर तो खाडा! हा न्याय कुणी लिहिला?

21 नोव्हेंबर 2025 ला तुम्ही नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू केले. 240 चे 180 झाले, असं पेपरात वाचून मी घरी सांगितलं, यंदा आपल्या रजा वाचल्या. टाइम ऑफिसात म्हणाले, ‘नियम अजून आलेले नाहीत, हे वर्ष जुन्याच हिशेबाने.’ मग ती घोषणा कुणासाठी होती? आणि 180 धरले तरी दुखणं मोजणीत नाहीच. कोडमध्ये लेऑफ आहे, बाळंतपण आहे, वार्षिक रजा आहे. आजारपण पुन्हा बाहेर. सात-आठ महिने अंथरुणाला खिळलेला कामगार उद्याही शून्यावरच येणार.

आमच्या युनियनच्या माणसाने मला आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) 1970 चा 132 क्रमांकाचा करार दाखवला. आजार, दुखापत, बाळंतपण यांतली गैरहजेरी सेवेत धरावी, असं त्यात स्पष्ट आहे. भारताने तो आजवर मान्य केलेला नाही. 1919 पासून आपण त्या संघटनेत आहोत. इतक्या वर्षांत एका सहीला वेळ मिळाला नाही?

2025 पर्यंत देश टीबीमुक्त करू, असंही सरकारने सांगितलं होतं. आमच्या भिंतींवर ‘टीबी लपवू नका’ लिहिलंय. मी लपवला नाही. महिन्याचे 1000 रुपये पोषणाचे मिळाले, त्याबद्दल आभार मानतो. पण माझ्या शेजारच्या मोल्डिंगवरचा पोरगा तीन आठवडे खोकला दाबून येतोय. माझ्या रजेचं काय झालं ते त्याने पाहिलंय. मी त्याला तपासून घे म्हटलं, तर म्हणाला, ‘दादा, तुझ्यासारखं शून्य करून घेऊ?’ मला उत्तर सुचलं नाही. तो तर ठेक्यावरचा. त्याला घरी पाठवायला कायदा आडवा येईल, याची खात्री मी देऊ शकत नाही. कायदे तुमच्या कपाटात असतात, आमच्या गेटच्या आत मस्टरच (हजेरीपटच) चालतं, आणि ते तपासायला इतक्या वर्षांत मी एकही इन्स्पेक्टर आमच्या शॉपमध्ये आलेला पाहिला नाही.

मागणी एकच आहे. ईएसआयच्या डॉक्टरने सही केलेले आजारपणाचे दिवस हजेरीत धरा. त्या दिवसांवर नवी रजा देऊ नका हवं तर, पण भरलेल्या 198 दिवसांची रजा तरी पुसू नका.

औषधं संपली तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आहे. पहिली 17 फेब्रुवारीला. त्या दिवशी लाइनीत सबंध दिवस जाईल, पगार कापला जाईल आणि महिन्याचा हजेरी भत्ताही. मी जाणार आहे.

आपला,
एक फाउंड्री कामगार