फौजी मोबाइलवर खेळला तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला निवृत्त फौजींच्या मोबाइलवेडावरचा लेख वाचला. लेखकमहोदयांना आमची एवढी काळजी वाटते हे पाहून ऊर भरून आला. ज्यांनी खरी लढाई पाहिली त्यांनी बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळातल्या खोट्या लढाईत रमावं, याचं त्यांना फार दुःख झालंय. लिहिण्याआधी एखाद्या फौजीला फोन केला असता तर निम्मं दुःख तिथंच हलकं झालं असतं. सातारा जिल्ह्यात माजी सैनिक शोधायला लांब जावं लागत नाही.

मुळात खरी लढाई आमच्यातल्या किती जणांनी पाहिली? फौजेत स्वयंपाकी असतो, न्हावी असतो, क्लार्क असतो, लाइनमन असतो, नर्सिंग असिस्टंट असतो. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (एएससी), म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होतो. बंदूक रेंजवर चालवली, बाकी आयुष्य स्टीअरिंगवर गेलं. लडाखच्या हिवाळ्याचा साठा बर्फ पडायच्या आत वर चढवावा लागतो. आटा, डाळ, रॉकेल, डबाबंद भाजी, सगळं. श्रीनगरहून निघालं की सोनमर्ग, मग साडेअकरा हजार फुटांवरचा झोजिला, पलीकडे द्रास. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि पुढच्या स्टॅलिअन ट्रकचा मागचा लाल दिवा धुक्यात दिसेनासा झाला की पोटात गोळा. हे काम माझं. ते मी केलं.

आता ऐका. एका 26 जानेवारीला आमच्या भागातल्या एका शाळेने माझा सत्कार केला. सूत्रसंचालक गुरुजींनी माइकवर सांगितलं की, शत्रूच्या छातीत गोळ्या घालणारे आपले सुपुत्र आज उपस्थित आहेत. मी उठून म्हटलं, गुरुजी, मी ट्रक चालवत होतो. सगळे हसले. गुरुजींनी माइक परत घेतला आणि म्हणाले, बघा मुलांनो, किती हा विनय! पुढे शाल, श्रीफळ आणि शिवरायांची प्रतिमा. खाली उतरलो तर पोरांचा घोळका. काका, किती मारले? मी म्हटलं, एकही नाही. पोरांचे चेहरे असे पडले की मलाच अपराधी वाटायला लागलं. संध्याकाळी पारावर एकाने निष्कर्षही काढून टाकला, "म्हणजे ड्रायव्हरच की!" त्यानंतर मी सत्काराला जायचं सोडलं. पोरांसमोर खोटं उभं राहायचं आणि पारावर खरं ऐकून घ्यायचं, दोन्ही कशाला?

लॉकडाऊनमध्ये पुतण्याने मोबाइलवर पब्जी, म्हणजे बीजीएमआयचंच आधीचं रूप, टाकून दिलं. चार जणांचं स्क्वॉड, कानात हेडफोन, समोरचा कुठला कोण माहीत नाही. एकदा एरँगल या खेळातल्या नकाशावर डोंगरावरून एक जण यूएझेड जीप बेफाम खाली सोडत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे गिअरमध्ये उतर, ब्रेकवर नको!" खेळातल्या जीपला गिअर नसतात हे मलाही कळतं, पण सवय. पलीकडे क्षणभर शांतता. मग फौजी हिंदीत आवाज आला, "साब, एएससी से हो क्या?"

बोलणारा सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या दूरसंचार दलाचा, होता. द्रासच्या बाजूला लाइन टाकायच्या पार्टीत होता म्हणे. आमचा कॉन्व्हॉय खाली दिसला की त्यांच्या पोस्टवर कोण आधी टपाल आणायला जाणार यावरून भांडणं व्हायची. कॉन्व्हॉय दोन दिवस अडकला की लंगरमध्ये नुसती डाळ. त्याने मला रस्त्याबद्दल विचारलं. कुठलं वळण, कुठली टीसीपी (वाहतूक चौकी), चाकांना चेन लावायला कुठे थांबायचात. एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आमचा चौथा भिडू, कुठल्या तरी कॉलेजचा पोरगा, बोंबलत होता, "काका झोन आला, पळा की!" झोन म्हणजे खेळात चहूकडून आत सरकत येणारं मरण. आम्ही काही पळालो नाही. झोनमध्येच मेलो. पुढचा डाव सुरू केला तेव्हा तो पोरगा निघून गेला होता, आणि तिसरा भिडू, जो तोवर गप्प होता, म्हणाला, "मी बीईजीचा, खडकी." म्हणजे पुण्यातलं फौजी इंजिनिअरांचं प्रशिक्षण सेंटर.

असा आमचा गट जमला. मराठा लाइट इन्फंट्रीचे दोन जण आहेत, बेळगाव सेंटरचे. महार रेजिमेंटचा एक नाईक आहे. लंगरचा एक कुक आहे, तो खेळतो वाईट पण सांगतो झकास. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या एक मॅडम आहेत. भिडू जखमी पडला की आम्ही म्हणतो, मॅडम, रिव्हाइव्ह करा. त्या म्हणतात, ती ड्युटी संपली, आता मी स्नायपिंग करते. आणि खरंच करतात.

लेखकाला शंका आहे की अशा गप्पांतून गोपनीय माहिती बाहेर जाते. महाशय, जुलै 2020 मध्ये सैन्याने 89 ॲप काढून टाकायला सांगितली होती, त्यात पब्जी होतं, तसं फेसबुकही होतं. सुट्टीवर आलेला एखादा सर्व्हिंग पोरगा आमच्यात खेळतो, तो "सर्व्हिंग आहे" एवढंच सांगतो आणि आम्ही लगेच विषय बदलतो. कुठे आहेस, हे आम्ही विचारत नाही. ते विचारतात गावातले लोक, भर एसटीत, मोठ्याने.

खरा त्रास वेगळाच आहे, तो लेखात नाही. तोतये. मायक्रोफोन मिळाला की दर तिसरा पोरगा पॅरा कमांडो होतो. आम्ही त्याला बंदुकीचं काही विचारत नाही, ते व्हिडिओ बघून पाठ असतं. विचारतो, सेंटर कुठलं? एकाने छाती ठोकून सांगितलं, पुणे. पॅराचं सेंटर बंगळुरूला आहे. बीईजीवाले म्हणाले, "मग आमच्या खडकीत कसे दिसला नाहीत कधी?" तो जो गेला तो पुन्हा आला नाही. तुमच्या लेखात ज्या 'कमांडो'ची मुलाखतवजा दोन वाक्यं आहेत, त्यालाही हा एक प्रश्न विचारून बघायला हरकत नव्हती.

आणि आणखी एक. 2 सप्टेंबर 2020 ला पब्जीवर बंदी आली, 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. देशाच्या सुरक्षेचा निर्णय, आमची ना नाही. पण आम्ही एकमेकांना खेळातल्या नावानेच ओळखत होतो. फोन नंबर कोणी घेतले नव्हते, तसा रिवाजच नव्हता. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आलं तेव्हा बरेच जण परत सापडले. तो सिग्नल्सवाला सापडला नाही. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. द्रासला त्यांच्या तंबूत ऊब देणारी बुखारी कुठल्या कोपऱ्यात होती ते ठाऊक आहे.

व्यसनाबद्दल लेखकाने तीन रकाने खर्ची घातलेत. रात्र-रात्र जागणारे आहेत, त्यांच्या घरच्यांनी कान धरावेत, माझं काही म्हणणं नाही. पण ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी येईपर्यंत रमीच्या जाहिराती तुमच्याच पहिल्या पानावर छापून येत होत्या ना? आमच्या गटात एक रुपयाही लागत नाही. त्या जाहिरातींत तुमच्या लेखकांना शोकांतिका दिसली नाही. शिवाय अमेरिकेतली 'स्टॅक अप' ही संस्था सैनिकांना खेळ पाठवते, त्याचं कौतुक याच लेखाच्या चौकटीत आहे. तिकडचा सैनिक खेळला तर उपचार, इकडचा खेळला तर वेड. छान.

आता छायाचित्राबद्दल. लेखासोबत जो पाठमोरा सैनिक छापलाय त्याच्या बाहीवरचा झेंडा तुमच्या कोणी पाहिला का? तो आपला नाही. आपल्या फौजीचा फोटो हवा असेल तर मागा, घरोघर फ्रेम करून लावलेत. माझा ट्रकसोबतचा आहे, पण तो तुम्हाला चालणार नाही, त्यात बंदूक नाही.

जाता जाता, मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर या वेळी छापलंच नाही. आमच्या सौ. आठवडाभर उभ्या नवव्यावर अडून बसल्यात आणि त्याबद्दलही बोलणी मलाच खावी लागतात. पुढच्या अंकात ते उत्तर तेवढं द्यावं.

आपला,
एक माजी हवालदार (एएससी)
ता. खटाव, जि. सातारा