डॉमिनार का सुटत नाही?

महोदय,

चाकणला तयार होणारी बजाजची डॉमिनार ४०० ही मोटरसायकल डिसेंबर २०१६ मध्ये आली. त्यानंतर कितीतरी नवी मॉडेल्स आली, तरी लांब पल्ल्याचे अनेक चालक तिला सोडत नाहीत. हा निव्वळ हट्ट नाही. ३७३ सीसीचं इंजिन (२०१९ पासून ४० पीएस, म्हणजे अश्वशक्ती) ताशी शंभरला दमत नाही आणि सरळ बैठकीमुळे मनगटांवर भार येत नाही. टाकी १३ लिटरची. लिटरला २५ किमी धरले तरी ३०० किमी निर्धास्त. वजन मात्र पार्किंगमध्ये जाणवतंच.

जुन्या गाड्यांत कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा संच, आधी तपासावा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटका जाणवला तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. नट आवळून ते भरत नाहीत, सेटच बदलावा लागतो. साखळी दर ५०० किमीला, आणि पावसात भिजली तर त्याच दिवशी, पुसून ल्यूब करावी. नवी साखळी जुन्या स्प्रॉकेटवर (साखळीच्या दातेरी चाकावर) चढवू नये, झिजलेले दाते तिला लवकर खातात. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिन थंड असतानाच पाहावं.

२०१९ पूर्वीच्या गाड्यांचे कोनसेट आणि क्लच प्लेट तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरलाही कायम मिळाव्यात, एवढीच मागणी.

— एक दुचाकीस्वार वाचक, पुणे