कौशल्य असूनही भांडवल का बुडते?

महोदय,

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतरची चर्चा बहुतांशी व्यसन, कर्जबाजारीपणा आणि 'कौशल्य की नशीब' या वादाभोवती फिरत राहिली. पोकरसारख्या पत्त्यांच्या खेळात कौशल्य लागते हे मान्य केले, तरी कौशल्य असलेला खेळाडूही कंगाल का होतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. संख्याशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायद्याने खेळ थांबला तरी त्यामागचे गणित थांबत नाही. ऐरोली, घणसोली, महापे या भागांत नोकरी करणारे माझ्या ओळखीचे कितीतरी तरुण तीच जोखीम आता मोबाइलवर निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे हा शेअर निर्देशांक ठरावीक मुदतीत वर जाईल की खाली यावर पैसे लावण्याच्या करारांत, घेत आहेत.

समजा, प्रत्येक डावात जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकाच नफा मिळतो. इतकी अनुकूल संधी प्रत्यक्षात क्वचितच मिळते. दहा हजार रुपये घेऊन बसलेल्या माणसाने दर डावाला हातातील निम्मी रक्कम लावली आणि अपेक्षेप्रमाणे दहापैकी सहा डाव जिंकले, चार हरले, तर शेवटी त्याच्याकडे सुमारे ७,१०० रुपये उरतात. जय-पराजयाचा क्रम कसाही असला तरी उत्तर तेच येते. त्याच माणसाने दर वेळी फक्त पाचवा हिस्सा लावला असता, तर तेच सहा विजय आणि तेच चार पराभव त्याला सुमारे १२,२०० रुपयांपर्यंत घेऊन गेले असते.

हा पाचवा हिस्सा मनाने काढलेला नाही. बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, नफा-तोटा समसमान असलेल्या डावात जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा केली की भांडवलाचा किती भाग लावावा ते कळते; येथे ६० वजा ४०, म्हणजे २० टक्के. याच्या दुप्पट रक्कम लावत गेल्यास वाढ जवळजवळ शून्यावर येते आणि त्यापुढे भांडवल झिजू लागते. आपली खरी शक्यता किती हे कोणालाच नेमके ठाऊक नसल्याने जाणकार या सूत्राच्या निम्म्यावरच थांबतात, आणि मला तेच शहाणपणाचे वाटते.

व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्थशास्त्राचे विद्यार्थी व वित्तक्षेत्रातील तरुण अशा ६१ जणांना नेमके असेच ६०-४० चे नाणे देण्यात आले होते. शक्यता आधीच सांगितलेली असूनही त्यांपैकी २८ टक्के लोक सर्व पैसे गमावून बसले.

गंभीर पोकर खेळाडू खेळाची रक्कम घरखर्चापासून वेगळी ठेवतात, एका टेबलवर तिचा विसावा भागसुद्धा नेत नाहीत, आणि रक्कम घटली की कमी पैशांच्या टेबलवर उतरतात. ऑप्शन घेणारे आमचे तरुण याच्या उलट वागतात: तोटा झाला की तो भरून काढण्यासाठी पुढच्या एक्स्पायरीला (करारांची मुदत संपण्याच्या दिवसाला) दुप्पट लॉट, म्हणजे करारांचे दुप्पट गठ्ठे, घेतात, आणि त्यात गृहकर्जाच्या हप्त्याची रक्कमही जाते. निम्मे भांडवल गेल्यावर मूळ पदावर येण्यासाठी उरलेल्यावर शंभर टक्के नफा कमवावा लागतो, हे त्यांना कोणी कागदावर मांडून दाखवलेले नसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. ज्याची बाजू मुळातच प्रतिकूल आहे, त्याला केलींचे सूत्र 'काहीही लावू नका' असेच उत्तर देते. शिस्तीने अशा माणसाचा नाश केवळ लांबतो.

आपल्या अर्थविषयक पानावर अशी उदाहरणे आकड्यांसह नियमित छापावीत, आणि ठाणे व नवी मुंबईतील वाणिज्य महाविद्यालयांनी पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांकडून दहा डावांचा हा हिशेब स्वतःच्या हाताने करून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
ऐरोली, नवी मुंबई