कात्री लावण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भरतकामाचा तू पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. उघड्या पुस्तकाच्या पानातून नदी निघालीय, नदीत नाव, नावेत ससा आणि त्याच्या हातात कंदील. रोज रात्री तुला झोपवताना थोडी थोडी वाढवत नेलेली ती गोष्ट मी कधी कागदावरसुद्धा उतरवली नव्हती, आणि तू ती अख्खी फुल्याफुल्यांनी भरलीस. कंदिलाच्या पिवळ्यात मधोमध एकच पांढरी फुली आहे ना, माझी नजर फिरून फिरून तिथेच जाते.

तू विचारलंस, फ्रेम करू की उशी? उशीच कर. ही गोष्ट तू माझ्या कुशीत पडून ऐकलीस, ती काचेमागे गेलेली मला बघवणार नाही. पण इतक्या महिन्यांच्या कामाला कात्री लावायचा धीर होत नाही म्हणतेस, ते मला पुरतं कळतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. घाई करू नकोस.

आधी धुणं. इथे माझं ऐकच, कारण मी एकदा हात पोळून घेतलेत. लाल पतंगाचं एक चित्र भरलं होतं, पाच महिने लागले होते. ते कढत पाण्यात भिजवून मी दुसऱ्या कामाला लागले. परत येऊन पाहिलं तर सगळं आभाळ गुलाबी. तू गार पाणी घे, सौम्य साबण घे आणि तिथून हलू नकोस. रंग सुटताना दिसला तर घाबरू नकोस, पाणी नितळ येईपर्यंत वाहत्या गार पाण्याखाली धर. डाग असताना कापड वाळू द्यायचं नाही आणि इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. पिळूही नकोस. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबलंस की पाणी निघतं. मग जाड टॉवेलवर चित्र पालथं घालून उलट्या बाजूने इस्त्री कर, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत. सशाचा डोळा गाठीच्या टाक्याचा आहे, तो तर नक्कीच दबेल नाहीतर. भरताना कापड ताणायला लावलेल्या रिंगचा वळही याच इस्त्रीत जातो.

मग मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर, म्हणजे फ्यूजिंग, लाव. मॅटीचं, म्हणजे फुल्या भरायच्या त्या घराघरांच्या कापडाचं, विणकाम सुटं असतं, कापलं की कडेचे धागे निसटायला लागतात. त्यात उशीला रोज टेकणं, ओढणं आलंच. फ्यूजिंगने कापडाला अंग येतं आणि मागचे दोऱ्यांचे शेवटही जागच्या जागी राहतात.

आता माप. तुझं चित्र 140 घरं रुंद आणि 140 घरं उंच आहे, मॅटी इंचाला 14 घरांची, म्हणजे भरलेला भाग 10 इंच. चारही बाजूंनी एक एक इंच कोरी मॅटी दिसू दे, चित्राला श्वास घ्यायला जागा हवी. वर शिलाईची माया अर्धा अर्धा इंच. म्हणजे 13 इंचाचा चौकोन कापायचा. पेन्सिलीने रेघ मारू नकोस. जिथे कापायचं तिथला एक धागा फ्यूजिंग लावायच्या आधीच सुईने उचलून ओढून काढ, नंतर तो चिकटून बसतो. त्या जागी सरळ बारीक वाट दिसते, कात्री तिच्यावरून चालवायची. चौकोन तिरका जाण्याची भीतीच उरत नाही. कापल्या कापल्या कडांवर झिगझॅग टीप मार.

भोवती सुती कापडाची दोन इंचाची चौकट लाव, उशी 16 इंचाची होईल. हे कापड आधी धुऊन आटवून घे. पट्ट्या 3 इंच रुंद काप: वरच्या-खालच्या 13 इंच लांब, त्या लागल्या की बाजूच्या 17 इंचाच्या. मॅटी आणि पट्टी जोडताना टाचण्या घरांच्या एकाच ओळीत लाव आणि टीपही त्याच ओळीतून ने. एक घर जरी सरकलं तरी कोरी जागा एका बाजूला रुंद दिसते, आणि एकदा दिसली की सारखी दिसत राहते. रंगाचं म्हणशील तर निळी चौकट नको. नदी तिच्यात विरघळून जाईल. चित्रात सगळ्यात कमी असलेला रंग घे, नावेच्या कडेचा तो गडद तपकिरी.

मागची बाजू पाकिटासारखी कर, चेन नको. 17 बाय 12 इंचाचे दोन तुकडे, प्रत्येकाची एक लांब कड इंचभर दुमडून शिवायची, आणि दोन्ही एकमेकांवर चढवून ठेवायचे. पाच इंच चढतात, तोंड उघडं पडत नाही. सुलट बाजू समोरासमोर आणून चारी बाजूंनी टीप मार. कोपऱ्यावरची माया तिरकी छाट, पण टिपेपासून थोडं अंतर राखून. आतली उशी 18 इंचाची घाल, अभ्र्याहून थोडी मोठी असली की कोपरे भरलेले राहतात.

एक गोष्ट राहिली. नावेच्या तळाशी काही ओळींत फुलीचा वरचा टाका उलट्या दिशेने गेलाय, म्हणून तिथे उजेड वेगळा पडतो. तू लिहिलंस की उसवावंसं वाटतं. नको उसवू. तू सुरुवात तिथून केलीस, हात अजून बसला नव्हता. नाव तिथूनच निघाली असं मी समजेन.

आणि मागच्या तुकड्यावर, शिवण्याआधी, तारीख भर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1598 साल घातलेला एक भरतकामाचा नमुना आहे, जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा. एका मुलीच्या जन्माची तारीख तिने त्यावर भरलीय, मंगळवारची दुपार होती हेसुद्धा. चारशेहून अधिक वर्षं झाली, ती दुपार आजही वाचता येते. तू नुसतं साल टाकलंस तरी चालेल. पण महिना टाकलास तर मला जास्त आवडेल.

चौकोन कापल्यावर कडेची मॅटी उरेल. तिच्यावर तू नदीचे पाच निळे रंग आजमावून पाहिलेत, शेजारी शेजारी, दोन दोन फुल्या. फोटोच्या कोपऱ्यात ते दिसतात. ती पट्टी टाकू नकोस, मला पाठव.

तुझी,
आई