‘बरोबर?’ हा प्रश्न शेवटच्या प्रकरणात कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत त्या कादंबरीचं परीक्षण आल्यापासून वाचकांची पत्रं थांबायचं नाव घेत नाहीत. मी ती सगळी वाचते आहे. परीक्षणानेच शेवट फोडून टाकल्यामुळे (हे काही बरं झालं नाही) आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

नवरा, बायको आणि बायकोची जिवलग मैत्रीण अशी तिघांची ही गोष्ट. बायको आजाराने खिळते, नवरा आणि मैत्रीण एकमेकांत गुंततात आणि शेवटी नवरा आपल्या हाताने बायकोचा जीव संपवतो, तिच्याच सांगण्यावरून. पत्रलेखकांचे सरळ दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हा प्रेमाचा कळस. तिच्या यातना त्याला पाहवल्या नाहीत, त्याने तिला सोडवलं, मग बाहेरची भानगड कशाला उकरून काढायची? दुसरा म्हणतो, हा निव्वळ खून. वाटेतला अडसर दूर केला आणि वर गळा काढला. शिवाय, लेखिकेने निकाल न देता काढता पाय घेतला, अशीही तक्रार आहे.

मला दोन्ही तटांशी भांडायचं आहे. कादंबरीतल्या एका साध्या गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही.

बायकोला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हात गेले, पाय गेले, मग वाचा गेली. राहिले डोळे. या आजारात डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते, हे लेखिकेने नीट समजून घेतलं आहे. मग घरात अक्षरांचा तक्ता येतो. नवरा एकेका ओळीवर बोट ठेवतो, हव्या त्या ओळीला ती पापणी मिटते. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना, मात्रा. शब्द जुळला की तो विचारतो, “बरोबर?” पापणी दोनदा मिटली तर हो, डोळे वर गेले तर नाही. एका दुपारी ती ‘पा’पर्यंत येते, तो पुढचं न बघता पाणी म्हणून उठतो आणि चमचाभर पाणी तिच्या तोंडात घालतो. तिला गिळता येत नाही, ठसका लागतो, चेहरा काळानिळा पडतो. तिला सांगायचं होतं पाठ अवघडल्याचं. त्या दिवसापासून तो एकही शब्द विचारल्याशिवाय पुढे नेत नाही. लेखिकेने या प्रसंगाला चांगली दोन पानं दिली आहेत.

आता शेवटचं प्रकरण उघडा. तोच तक्ता, तेच बोट, तीच पापणी. ती काही अक्षरं जुळवते. वाक्य तो पूर्ण करतो, मोठ्याने म्हणतो, रडतो आणि कपाटाकडे जातो. “बरोबर?” असं तो विचारत नाही. पापणी दोनदा मिटल्याचा उल्लेख नाही. पाठ आणि पाणी यांच्यातला घोटाळा इतक्या बारकाईने लिहिणारी बाई नेमकी इथे हे विसरली, हे मला अजिबात पटत नाही. निकाल तिने दिला आहे. फक्त तो फळ्यावर लिहून ठेवलेला नाही.

मी निवृत्त परिचारिका आहे, बरीच नोकरी अतिदक्षता विभागात झाली. घशात नळी असलेला रुग्ण नुसती भुवई उंचावतो आणि खाटेशी उभे असलेले तीन नातेवाईक तीन वेगवेगळी वाक्यं सांगतात. खोटं कुणीच बोलत नसतं, ज्याला जे ऐकायचं असतं ते त्याला ऐकू येतं. म्हणून आम्ही प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचो. “दुखतंय का?” झालं की थोड्या वेळाने “आता दुखत नाही ना?” दोन्हींना होकार आला तर त्या होकाराला काही अर्थ नाही, हे समजायचं. दुखण्याच्या गोळीसाठी एवढी खातरजमा, मग मरणासाठी किती हवी?

एका वाचकाने लिहिलं आहे की पापणीच्या भरवशावर इतकं बोलता येतं ही अतिशयोक्ती आहे. नाही हो. जाँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकाला १९९५ मध्ये मेंदूचा झटका आला, त्यानंतर एका डाव्या पापणीवर त्याने अख्खं पुस्तक सांगितलं. ते उतरवून घेणारी व्यक्ती अक्षरं म्हणत बसायची आणि तो हव्या त्या अक्षराला पापणी मिटायचा. वेळ लागतो. समोरच्याला वेळ द्यायचा असेल तर सगळं सांगता येतं.

खून म्हणणाऱ्यांना कायद्याची एक बाजू सांगते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० ला पाचवा अपवाद होता, तो नव्या न्याय संहितेतही ठेवला आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतःच्या संमतीने मरण पत्करलं असेल, तर मारणाऱ्याचा गुन्हा खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. म्हणजे तिथेही सगळं येऊन ठेपतं ते संमतीवर.

प्रेम म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे बघावं. १ एप्रिल २००२ पासून तिथे इच्छामरणाचा कायदा आहे, पण मुभा आहे ती डॉक्टरला. रुग्णाची मागणी स्वेच्छेची आणि विचारपूर्वक केलेली असल्याची त्याची खात्री पटलेली हवी, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने रुग्णाला भेटून मत दिलेलं हवं आणि मागाहून समितीपुढे सगळं प्रकरण जातं. नवऱ्याला तिथेही हे करता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात परवानगी दिली ती उपचार थांबवण्याची. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, तरी डॉक्टरांची दोन मंडळं ठेवलीच. जिथे जिथे माणसांनी याचा विचार केला, तिथे घराबाहेरचा कुणीतरी तिऱ्हाईत आत पाठवला आहे. आणि भानगडीचा इथे काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंड. तिथल्या दंड संहितेचं कलम ११५ आत्महत्येला मदत करणाऱ्याला शिक्षा सांगतं, ती मदतीमागे स्वार्थ असेल तर. भानगडीचा संबंध आहे तो इथे.

ब्रिटनच्या डायेन प्रिटी यांना हाच आजार होता. आपल्याला मरायला मदत केली म्हणून नवऱ्यावर खटला होऊ नये, एवढी हमी त्या मागत होत्या. एप्रिल २००२ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही ती नाकारली आणि पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. तो निकाल मला कठोर वाटला होता, आजही वाटतो. पण प्रिटींचं म्हणणं न्यायाधीशांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कादंबरीतल्या बाईचं म्हणणं त्या रात्री एकच माणूस वाचतो आहे आणि त्याच्या खिशात दुसऱ्या आयुष्याची किल्ली आहे.

आम्हा परिचारिकांना अरुणा शानभाग प्रकरण विसरता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या, १९७३ मध्ये हल्ला झालेल्या, त्यानंतर स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्या अरुणाच्या वतीने कुणी बोलायचं, हा प्रश्न ७ मार्च २०११ च्या निकालात आला. न्यायालयाने तो मान तिला मरू द्यावं अशी याचिका करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणींना दिला नाही, तिला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांना अरुणा जगायला हवी होती. मी त्यांच्याच बाजूची, तरी एवढं म्हणेन की सांभाळणाऱ्यालाही धरून ठेवण्याचा मोह असतो, जसा थकलेल्याला सोडून देण्याचा.

हे पुस्तक वाचून अपंग माणसांना आपण ओझं आहोत असं वाटेल, ही एका पत्रातली भीती मला खरी वाटते. पुस्तकावर बंदी घाला ही सूचना मात्र पटत नाही.

राहता राहिली मैत्रीण. तिला तर दोन्ही तटांनी मिळून झोडपलं आहे. दगा तिने दिलाच. पण नवरा घरात नसताना ती एका संध्याकाळी येते, तक्ता हातात घेते आणि सगळं कबूल करून विचारते, तुला काय म्हणायचंय? बायको अक्षरं देऊ लागते. शिवी येणार हे पहिल्याच अक्षराला कळूनही मैत्रीण पुढच्या ओळीवर बोट ठेवते, मग त्यापुढच्या, आणि शब्द पुरा झाल्यावर विचारते, “बरोबर?” दोनदा पापणी मिटते. अख्ख्या पुस्तकात त्या बाईचं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं असेल तर ते इथे. व्यभिचाराच्या नावाने बोटं मोडताना हे पान वगळून कसं चालेल?

शेवटच्या प्रकरणात नवऱ्याने तो प्रश्न विचारल्याचं कुणा वाचकाला सापडलं असेल, तर कृपया पान क्रमांकासह याच सदरात कळवावं.

आपली नम्र,
एक वाचक