धुरा ओलांडणारे हरीण कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या याच स्तंभात एका वाचकाने अशी सूचना केली होती की, परदेशात हरणाची शिकार करणाऱ्याला सरकारी जमीन निवडावी की खाजगी, याची मोकळीक असते, तशी ती विदर्भातही द्यावी. शेतकऱ्याने आपल्या वावरात शिकार करू देण्याचे पैसे घ्यावेत, म्हणजे पीकही राखले जाईल आणि हाती चार पैसेही येतील. चिमूर तालुक्यात जंगलाला लागून माझे पाच एकर आहे आणि दर हंगामात चितळांचा कळप त्यातला आपला वाटा माझ्याआधी उचलतो. त्यामुळे ही सूचना पहिल्या वाचनात मला गोड वाटली, हे कबूल करतो. दुसऱ्या वाचनात मात्र ती आमच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, बसेना.

ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथली रीत आधी नीट पाहायला हवी. राज्याचा परवाना, ठरलेला हंगाम आणि किती जनावरे मारायची याची मर्यादा ही बंधने तिथे सरकारी जंगलातल्या शिकाऱ्याला असतात तशीच खाजगी जमिनीवरच्या शिकाऱ्यालाही असतात. फरक पडतो तो प्रवेशाचा. राष्ट्रीय वनांत परवाना काढलेला कोणीही जाऊ शकतो, म्हणून गर्दी होते. खाजगी जमिनीवर मालकाची संमती लागते, आणि टेक्सासात, जिथे सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे, बहुधा हंगामाचा भाडेपट्टा मोजावा लागतो. पण तो मालक भाड्याने देतो तो आत येण्याचा हक्क. मोकाट हरीण त्याच्याही सातबाऱ्यावर चढत नाही. लोकांच्या वतीने राज्याने ते सांभाळायचे, असेच तिथले तत्त्व आहे. शिवाय तिथल्या पूर्वेकडच्या बहुतेक भागांतून लांडगा आणि पुमा केव्हाच संपले, हरीण मारणारे रानात फारसे कोणी उरले नाही, म्हणून ते काम बंदुकीकडे आले. आमच्याकडे ते काम करणारा ताडोब्याच्या बाजूने येऊन रात्री नाल्याच्या काठाने निघून जातो. त्याच्या वाट्याची चितळे आपण भाड्याला लावली तर तो गोठ्यातल्या वासराकडे वळेल, हे सांगायला तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.

आपला कायदा तर सरकारी आणि खाजगी हा भेदच मानत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे नववे कलम शिकारीला बंदी घालते, आणि जमीन कोणाची हे विचारत नाही. राखीव जंगल, झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची सरकारी जमीन), गायरान, माझे वावर, सगळीकडे एकच नियम आहे. फास लावणे, हाकून पकडणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हेही त्या कायद्याने शिकारीतच मोडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगलावर पुष्कळ हक्क दिले, पण परंपरेने चालत आलेला शिकारीचा हक्क तेवढा स्पष्ट शब्दांत वगळला, म्हणजे सामूहिक वनहक्काच्या जंगलातही उत्तर तेच. वाट उघडते ती वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात: जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाले असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो, आणि कोणत्याही जमिनीवरचे उभे पीक या मालमत्तेत धरलेले आहे. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याने सर्वांत जास्त जपलेल्या जनावराला, आणि त्यात काळवीटही आले, पिकाचे हे कारण लागू होत नाही. याच कलमाचा आधार घेऊन राज्य सरकारने २०१५ मध्ये रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यापुरती परवानगीची सोय केली. (रोही हे हरीण नव्हे, काळवीटही खरे तर नव्हे, पण गावात शिंगे आणि चार बारीक पाय दिसले की सगळेच हरीण.) चितळ त्या सोयीत नाही.

आणि जी सोय आहे ती कशी चालते, तेही सांगितले पाहिजे. अर्ज शेतकऱ्याने करायचा, परवाना असलेली बंदूक त्यानेच शोधायची, रात्र त्यानेच जागायची. आमच्या शिवारात पीकरक्षणाची बंदूक एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे आहे. २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक लागली, २० नोव्हेंबरला मतदान होते, आणि ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. नेमके तेच दिवस तूर फुलोऱ्यात येण्याचे आणि हरभरा जमिनीतून वर निघण्याचे होते. डुकरांना आचारसंहिता नव्हती.

पत्रलेखकाच्या सूचनेत मला सर्वांत जास्त खटकते ते अंतर. टेक्सासातले शेत आणि आमचे शेत यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. इथे दोन-तीन एकरांची वावरे एकमेकांना खेटून असतात आणि पिकाच्या दिवसांत प्रत्येक दुसऱ्या धुऱ्यावर मचाण असते. मचाणावर एक माणूस, एक बॅटरी, वाजवायला एक रिकामा पिंप. रायफलची गोळी कित्येक वावरे ओलांडून जाते. शहरातून पैसे मोजून आलेल्या पाहुण्याने अंधारात चमकणाऱ्या डोळ्यांवर नेम धरला, तर ते डोळे चितळाचे आहेत की पलीकडे जागलीला बसलेल्या माणसाजवळच्या कुत्र्याचे, हे कोण ठरवणार? धुऱ्याच्या तारेत चोरून वीज सोडण्याने काय होते ते आम्ही पाहतो आहोत. तिथे डुक्कर मरते, वाघ मरतो आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो. त्यात आता बंदुकांची भर नको.

मग शेतकऱ्याने करायचे काय? याचे उत्तर मला त्याच वन्यजीव कायद्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात दिसते. परवानगीने मारलेले, बेकायदा मारलेले किंवा मेलेले सापडलेले वन्य जनावर सरकारची मालमत्ता आहे, असे ते सांगते. म्हणजे माझ्या बांधावर मेलेल्या चितळाला मी हातही लावायचा नाही, ते सरकारचे. जिवंतपणी त्याचे पोट भरायचे काम मात्र माझे. शेजाऱ्याची म्हैस माझ्या वावरात शिरली तर १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने मी तिला कोंडवाड्यात घालू शकतो, आणि दंड भरल्याशिवाय मालकाला ती सुटत नाही. इंग्रजांच्या काळापासून आम्हाला कळलेला साधा न्याय एवढाच आहे, की ज्याचे ढोर त्याने भरून द्यावे.

भरून देण्याची तरतूद कागदावर आहे. तीन दिवसांच्या आत अर्ज, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा. गेल्या वर्षी जुलैत माझे सोयाबीन तीन-चार पानांवर असताना चितळांनी एका रात्रीत सुमारे पाऊण एकरातले शेंडे खाल्ले. सशाने खाल्लेला शेंडा विळ्याने तिरपा कापल्यासारखा दिसतो. चितळाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पान ओढून तोडते आणि देठाला तंतू लोंबत राहतात. काळ्या ओल्या मातीत दोन बोटे टेकवल्यासारखे टोकदार खूर उमटले होते, लेंड्याही होत्या. अर्ज मी त्याच दिवशी दिला. पंचनाम्याला माणसे आली नवव्या दिवशी, आणि मधल्या दोन पावसांनी खूर धुऊन नेले होते. गाईलाही वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे देठाचे तंतू पुरावा ठरेनात, आणि कागदावर ‘पाळीव जनावरांकडून नुकसान झाल्याची शक्यता’ असा शेरा पडला. गावात तेव्हा एकही ढोर मोकाट नव्हते. मोबाइलवर काढलेले फोटो मी दाखवले. त्यांवर तारीख उमटलेली नाही, असे उत्तर मिळाले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, चितळांची संख्या एखाद्या ठिकाणी खरोखरच झेपेनाशी झाली तर ती कमी करण्याचा निर्णय आणि ते काम, दोन्ही वनखात्याने स्वतःच्या माणसांकरवी करावे, जमीन सरकारी असो की माझी. ते माझ्याकडून विकतही घेऊ नये आणि माझ्यावर ढकलूही नये. तोवर पंचनामा अर्जापासून दोन दिवसांत व्हावा आणि शेतकऱ्याने फोनवर पाठवलेले ठिकाणासह फोटो पुरावा धरावेत. दुसरी गोष्ट सरकारी जमिनीची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातले झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला, त्यामुळे त्या जमिनीची जबाबदारी कोणाची याबद्दल आता वाद उरू नये. आमच्या बाजूच्या अशा पट्ट्यात आज रायमुनिया (घाणेरी) आणि तरोटा (टाकळा) माजला आहे, खाण्याजोगे गवत मूठभर. चितळ मुळात गवतावरचे जनावर. उन्हाळ्यात गळलेला मोहही ते आवडीने वेचते. सरकारच्या जमिनीवर त्याला चरायला काही नाही आणि धुऱ्यापलीकडे माझे सोयाबीन कोवळे आहे, तर ते कुठे जाईल? रायमुनिया मुळासकट उपटून तिथे गवत वाढू देण्याचे काम रोजगार हमीतून करता येण्यासारखे आहे. सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान देणारी योजना आहे, ती चांगलीच आहे. पण कुंपण एकाने घातले की कळप शेजाऱ्याच्या वावरात शिरतो, म्हणून ते एकेका शेताला न देता सबंध शिवाराला द्यावे.

पंचनाम्याच्या त्या शेऱ्याविरुद्ध मी अपील केले आहे. सोबत देठाचे तंतू असलेली चार वाळलेली रोपे कागदात गुंडाळून जोडली होती. ती कार्यालयात दप्तरी दाखल झाल्याची पोच मला मिळाली आहे.

आपला नम्र,
एक शेतकरी
तालुका चिमूर, जिल्हा चंद्रपूर