गंगेच्या हातातले वल्हे

रोम

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परीक्षेमुळे तुला आमच्याबरोबर येता आले नाही आणि निघताना तू बजावले होतेस की पियाझ्झा नावोना हा रोमचा प्रसिद्ध चौक नीट पाहून मला सविस्तर लिहा. आईने पाठवलेले फोटो तुला मिळालेच असतील. तू वास्तुकलेची विद्यार्थिनी असल्यामुळे सतराव्या शतकातल्या त्या भपकेदार बरोक शैलीविषयी मी तुला काही शिकवावे असे नाही. परंतु उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कामात काढलेल्या माणसाला तो चौक कसा दिसला, एवढे लिहितो.

चौकात शिरताच पहिला प्रश्न पडला तो त्याच्या आकाराचा. तो चौकोनी नाही. लांबच लांब, अरुंद, आणि उत्तरेकडचे टोक तर चक्क अर्धगोलाकार. सम्राट डोमिशियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस येथे धावण्याच्या आणि इतर मैदानी शर्यतींसाठी क्रीडांगण बांधले होते. पुढे प्रेक्षकांच्या बैठकींचे दगड ढासळले, काही लोकांनी नेले, आणि उरलेल्या कमानींच्या पायावर घरे उभी राहिली. मधले मैदान मात्र मोकळेच राहिले. ‘नावोना’ हे नावसुद्धा स्पर्धा या अर्थाच्या ‘आगोने’ या शब्दावरून अपभ्रंश होत आले, असे मानतात. म्हणजे आज चौकाभोवती दिसणाऱ्या इमारतींची रांग प्रेक्षकांच्या जागीच उभी आहे.

मधोमध शिल्पकार बर्निनीचे चार नद्यांचे कारंजे आहे. पाम्फिली घराण्यातला पोप दहावा इनोसंट याच्या काळात, 1651 मध्ये ते पूर्ण झाले. डॅन्यूब, नाईल, ला प्लाता आणि आपली गंगा अशा चार खंडांतल्या चार नद्या खडकावर बसल्या आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा पाहिलेल्या तुझ्या आईला येथे दाढीवाला धिप्पाड पुरुष पाहून हसू आवरेना. युरोपातल्या कलेत नदीला पुरुष मानण्याची जुनी चाल आहे, म्हणून हे रूप. त्याच्या हातात मोठे वल्हे आहे, कारण गंगेतून नावा चालतात हे तेवढे शिल्पकारांच्या कानावर गेलेले होते. नाईलचे डोके कापडाने झाकले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता.

आमचा वाटाड्या मात्र रंगात येऊन सांगत होता की समोरचे सांत आन्येझे हे चर्च बर्निनीचा प्रतिस्पर्धी बोरोमिनी याने बांधले, म्हणून ते पाहावे लागू नये यासाठी नाईलने तोंड झाकले. गोष्ट खमंग आहे, पण चर्चचे काम 1652 मध्ये सुरू झाले आणि बोरोमिनी त्यावर आला 1653 मध्ये. तोवर नाईल डोके झाकून बसलेली होती. (वाटाड्याला मी हे सांगितले नाही, त्याचे पोट त्यावर चालते.) गंमत म्हणजे या चौकात पाणी आणण्याचे काम पोपने सुरुवातीला सोपवले होते बोरोमिनीकडेच. ते पाणी ‘आक्वा व्हिर्गो’ या प्राचीन जलवाहिनीचे, जी रोमन सेनानी अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी 19 मध्ये बांधली होती.

खरे कौतुक मला खडकाचे वाटले. त्यावर सोळा मीटरांहून उंच ग्रॅनाइटचा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, उभा आहे, आणि त्याच्या बरोबर खालचा खडक बर्निनीने पोखरून आरपार मोकळा ठेवला आहे. एवढा भार पोकळीवर उभा करण्याची छाती मला तरी झाली नसती! मी दोन प्रदक्षिणा घातल्या. पण याच काळात शहरात धान्याची टंचाई होती, आणि आम्हांला दगड नकोत, भाकरी हवी, अशी तक्रार लोकांनी लिहून ठेवली, हेही विसरता येत नाही.

सांत आन्येझेचा दर्शनी भाग आत वळवलेला आहे, त्यामुळे एवढ्या अरुंद जागेतूनही घुमट डोळ्यांत भरतो. शेजारच्या पाम्फिली वाड्यात आता ब्राझीलचा दूतावास आहे. दोन्ही टोकांची कारंजी घाईत पाहिली.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. 1652 पासून एकोणिसाव्या शतकापर्यंत ऑगस्टमधल्या सुट्टीच्या दिवशी कारंज्यांच्या मोऱ्या बुजवून चौकात पाणी तुंबवीत आणि श्रीमंतांच्या घोडागाड्या त्यातून फिरत. आमच्या खात्यात कोणी असे केले असते तर चौकशी बसली असती.

तू येशील तेव्हा थेट चौकात जाऊ नकोस. आधी उत्तरेच्या बाजूला मागच्या रस्त्यावर जा. तेथे एका इमारतीखाली, रस्त्याच्या पातळीहून कित्येक फूट खोल, क्रीडांगणाची कमान उघडी ठेवली आहे. ती पाहून मग आत शीर.

तुझे,
बाबा